चार पानांचा अहवाल: बाल न्यायाच्या कामात कोण असतं आणि तिथे पोचायचं कसं

२०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरचा अपघात झाला आणि 'बाल न्याय मंडळ' हे नाव महाराष्ट्रात घरोघरी पोचलं. सतरा वर्षांच्या मुलाला जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायची अट घातली, म्हणून लोक संतापले. संतापण्यासारखंच होतं ते, दोन जीव गेले होते. पण त्या महिन्यात नागपुरात मला जो भेटला, मग तो चुलतभाऊ असो की तर्री पोह्याच्या ठेल्यावरचा ओळखीचा, त्याने हेच विचारलं, "हे मंडळ म्हणजे असतं तरी कोण?" आणि माझ्याकडे फील्डवर्कला येणाऱ्या एका मुलीने वर्ग सुटल्यावर हळूच विचारलं, "मॅम, तिथे काम करायचं असेल तर काय शिकावं लागतं?"

हा लेख त्या मुलीसाठी आहे. पण तिच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर आधी चुलतभावाचा प्रश्न सोडवावा लागतो. कारण या क्षेत्रात 'बाल न्याय अधिकारी' नावाची एकच एक नोकरी नसते. एका पोराभोवती सात-आठ माणसं उभी असतात, प्रत्येकाचं शिक्षण वेगळं, पगार वेगळा, भरतीची वाट वेगळी. तेव्हा एका पोराच्या मागेमागेच जाऊ.

हे पोरगं दोन-तीन प्रकरणं एकत्र करून, तपशील बदलून उभं केलेलं आहे. त्याला नाव देत नाही. सवय म्हणा. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापायला बंदी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. या कामात पहिल्या दिवशी शिकायची गोष्ट हीच. घरी जेवताना आईलाही नाव सांगायचं नाही.

तर हा पोरगा सोळा वर्षांचा. दहावी नापास, एका गॅरेजवर कामाला. एका संध्याकाळी वर्धा रोडवर गाडीवर मागे बसलेला असताना त्याने चालत्या बाईच्या हातातला मोबाइल हिसकावला. गाडी चालवणारा बावीस वर्षांचा. पुढच्या सिग्नलला दोघंही सापडले.

इथून दोघांच्या वाटा फुटतात. बावीस वर्षांचा नेहमीच्या न्यायालयात जातो. सोळा वर्षांच्याला कोठडीत ठेवता येत नाही, बेडी घालता येत नाही, आणि प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. सोबत मोठा माणूस होता म्हणून गुन्हा नोंदवला गेला. पोरगा एकटाच असता तर नियमाप्रमाणे एफआयआरही झाला नसता, नुसती स्टेशन डायरीत नोंद आणि 'सामाजिक पार्श्वभूमी अहवाल' एवढंच. मुलाने एकट्याने केलेल्या अपराधात एफआयआर होतो तो फक्त अतिगंभीर, म्हणजे सात वर्षं किंवा जास्त किमान शिक्षा असलेल्या प्रकरणात. हे ऐकून लोक दचकतात. पण मोबाइल हिसकावण्याला जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षा आहे, आणि तीन वर्षांपर्यंतचे अपराध हा कायदा 'किरकोळ' धरतो.

पहिला माणूस इथे भेटतो: बाल कल्याण पोलीस अधिकारी. प्रत्येक ठाण्यात असा किमान एक असायला हवा, हुद्दा सहायक उपनिरीक्षकापेक्षा कमी नको, आणि मुलाशी बोलताना शक्यतो साध्या कपड्यात. प्रत्येक जिल्ह्यात आणि शहरात विशेष बाल पोलीस पथक असतं, त्यात दोन सामाजिक कार्यकर्ते घ्यायचे असतात, त्यातली एक बाई. म्हणजे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या आणि मुलांबद्दल मनापासून आस्था असलेल्या माणसालाही या क्षेत्रात जागा आहे. अडचण एकच. ठाण्यात हे काम सहसा 'जोडकाम' असतं. बंदोबस्त, सण, आणि डिसेंबरात अधिवेशन लागलं की मोर्चे. त्यात पोराच्या घरच्यांना फोन करायचं राहून जातं. मी पाहिलेले चांगले बाल पोलीस अधिकारी एका साध्या गोष्टीवरून ओळखू येतात: पोराला 'जेवलास का' हे ते नाव विचारायच्या आधी विचारतात.

दुसऱ्या दिवशी मंडळ. नागपुरात पाटणकर चौकातलं निरीक्षणगृह, म्हणजे चौकशी चालू असताना मुलांना ठेवायची जागा, माहितगारांना ठाऊक असतं. मंडळाची बैठक निरीक्षणगृहातच किंवा जवळपास घ्यावी, न्यायालयाच्या आवारात नको, असा नियमच आहे. आत उंच आसन नाही, साक्षीदाराचा पिंजरा नाही. टेबलापलीकडे तिघं बसतात. एक प्रधान दंडाधिकारी, आणि दोन सामाजिक कार्यकर्ते सदस्य, त्यातली किमान एक बाई. कल्याणीनगरनंतर लोकांना धक्का बसला तो इथे: न्याय द्यायला 'न्यायाधीश नसलेली' माणसं कशी? पण कल्पना जुनीच आहे. मुलाचं काय करायचं हा प्रश्न निव्वळ कायद्याचा नाही, म्हणून कायद्याच्या माणसाशेजारी मुलांत काम केलेली माणसं बसवायची. या सदस्यांना शासन नेमतं आणि शासन काढूही शकतं. पुण्यात पुढे दोघांना काढलंच. आणि तो निबंध जामिनाची अट होती, शिक्षा नव्हती. हा फरक बातम्यांत हरवला.

मंडळाचं सदस्य होणं ही करिअरची सुरुवात नव्हे. मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामात किमान सात वर्षं हवीत, किंवा बालमानसशास्त्र, मनोविकारशास्त्र, समाजशास्त्र, कायदा यातली पदवी घेऊन व्यवसाय करत असायला हवं. वय पस्तिशीच्या पुढचं. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं, मोबदला पगाराचा नाही तर बैठकीमागे भत्त्याचा. म्हणजे तेवीस वर्षांच्या मुलीने हे ध्येय ठेवावं, पण तोवर पोट दुसऱ्या कामावर भरावं.

आपला पोरगा टेबलासमोर उभा आहे. त्याला खुर्ची देतात, तो बसत नाही. शेजारी वकील. हा वकील त्याच्या आईने नेमलेला नसतो, बहुतेक वेळा तिला परवडतच नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ प्रमाणे बालकाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आपल्या पॅनेलवरच्या वकिलांना मंडळापुढे पाठवतं. कायद्याच्या विद्यार्थ्यांना माझं सांगणं असतं की फौजदारी वकिलीत इतक्या लवकर इतकं काम दुसरीकडे कुठे हाती येत नाही. वय ठरवण्यावरून वाद असतो: आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर जन्मदाखला, तोही नसेल तरच हाडांची तपासणी. जामीन असतो, आणि इथे जामिनाचा नियम उलटा आहे. अपराध जामीनपात्र असो वा नसो, जामीन द्यायचाच; नाकारायचा तो फक्त बाहेर सोडल्यास मूल गुन्हेगारांच्या संगतीत पडेल, त्याच्या जिवाला किंवा मनाला धोका होईल, किंवा न्यायाचा हेतूच फसेल असं मानायला कारण असेल तर. ही कारणं मंडळाने लिहून द्यावी लागतात. पैसा मात्र यात फारसा नाही. या कामासोबत बहुतेक तरुण वकील दुसरी दिवाणी प्रकरणं धरून असतात, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता ज्या माणसासाठी मी हा लेख लिहायला बसले, तो: परिविक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर.

पहिल्या हजेरीपासून पंधरा दिवसांत परिविक्षा अधिकाऱ्याने मुलाचा सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. अधिकारी उपलब्ध नसेल तर बाल कल्याण अधिकारी किंवा सामाजिक कार्यकर्ता देतो. मुलाच्या घरी जायचं, शाळेत जायचं, कामावर जायचं, शेजाऱ्यांशी बोलायचं, आणि हे पोरगं इथवर कसं पोचलं ते लिहायचं. तीन-चार पानं. फाइलमधली बाकी सगळी कागदं पोराने काय *केलं* ते सांगतात. तो *कोण* आहे ते सांगणारा कागद हाच. मंडळ त्यावरूनच ठरवतं की समज देऊन सोडायचं, समुपदेशनाला पाठवायचं, समाजसेवा करायला लावायची, देखरेखीखाली घरी ठेवायचं की विशेषगृहात, म्हणजे दोषी ठरलेल्या मुलांच्या गृहात, धाडायचं.

माझा पहिला अहवाल मला तोंडपाठ आहे, कारण तो भयंकर होता. मी तेव्हा एका संस्थेत नवीन होते आणि जुन्या फाइलींवरून शैली उचलली होती. "कुटुंबाची आर्थिक परिस्थिती हलाखीची आहे. बालकाची संगत अयोग्य आहे. पालकांचे लक्ष नाही." मंडळाच्या सदस्य ताईंनी ते वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "घरात माणसं किती?" मी म्हटलं सात. "आणि तो झोपतो कुठे?"

मला माहीत नव्हतं. घरी जाऊन आले होते, चहा पिऊन आले होते, आणि तो झोपतो कुठे हे विचारलं नव्हतं.

मे महिन्याची दुपार, नागपूरचं ऊन, तोंडाला दुपट्टा बांधून स्कूटीवर परत त्या वस्तीत गेले. दहा बाय बाराची खोली, वर टिन, कूलर बंद. आईला विचारलं. ती म्हणाली, "जागाच नाई, त कुठं झोपन तो? सहा महिने झाले, गॅरेजवरच झोपते." पोरगा आठवड्यातून दोनदा कपडे बदलायला घरी यायचा. रात्री गॅरेजवर तो, एक गादी, आणि मालकाचा पुतण्या. बावीस वर्षांचा.

सगळं प्रकरण त्या एका वाक्यात होतं. 'अयोग्य संगत' ही त्याने निवडलेली संगत नव्हती, झोपायच्या जागेसोबत आलेली होती. अहवाल नव्याने लिहिला. कामठीला मामा होता, त्याच्याकडे जागा होती, मामीची तयारी आहे का हे स्वतः जाऊन विचारलं. मामी आधी नाही म्हणाली, मग म्हणाली, "शाळेत जात असन त ठेवते." दहावीला पुन्हा बसायचा फॉर्म. मंडळाने एक वर्ष देखरेखीवर मामाकडे राहायचा आदेश दिला. कायद्याने मंडळ अशी देखरेख तीन वर्षांपर्यंत ठेवू शकतं.

हे सांगण्यामागे हेतू आहे. बाल न्यायात 'सुधारणा' हा शब्द ऐकला की तरुण मुलं दिल्ली, धोरण, परिषदा, मोहिमा असं काही डोळ्यासमोर आणतात. माझं मत वेगळं आहे. आपला कायदा कागदावर वाईट नाही, बराच चांगला आहे. कमी पडतात ते हात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये संपूर्णा बेहुरा प्रकरणात मंडळांमधल्या रिकाम्या जागा आणि तुंबलेली प्रकरणं यावरूनच सरकारांना फैलावर घेतलं होतं. चौकशी चार महिन्यांत संपवायची, फार तर दोन महिने वाढवून मिळतात, आणि किरकोळ अपराधात तेवढ्यात संपली नाही तर ती बंदच होते. अहवाल पंधराव्या दिवशी आला तर या मुदतीला अर्थ, नव्वदाव्या दिवशी आला तर पोराचं शाळेचं वर्ष गेलेलं असतं. नागपुरातली सुधारणा म्हणजे बऱ्याचदा वेळेवर दिलेला, खरा, चार पानांचा कागद.

परिविक्षा अधिकाऱ्याची कायमस्वरूपी शासकीय पदं महिला व बाल विकास विभागात असतात. जाहिरात पुण्याच्या आयुक्तालयाकडून निघते आणि परीक्षा असते. विभागातली वरची अधिकारी पदं राज्य लोकसेवा आयोगामार्फत. या जाहिराती वर्षानुवर्षं येत नाहीत आणि एकदम येतात, म्हणून आयुक्तालयाच्या संकेतस्थळावर नजर ठेवायची सवय लावा. शिक्षणाची अट प्रत्येक जाहिरातीत शब्दन्‌शब्द वाचा. मागच्या वेळची मैत्रिणीने सांगितलेली अट यंदा बदललेली असू शकते.

दुसरी वाट कंत्राटी, आणि आज बहुतेक तरुण याच वाटेने आत येतात. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा बाल संरक्षण कक्ष आहे, केंद्राच्या 'मिशन वात्सल्य' योजनेखाली. २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत दरमहा मानधन असं आहे: संरक्षण अधिकारी आणि विधी-तथा-परिविक्षा अधिकारी २७,८०४ रुपये, समुपदेशक आणि सामाजिक कार्यकर्ता १८,५३६ रुपये, क्षेत्रीय कार्यकर्ता म्हणजे आउटरीच वर्कर १०,५९२ रुपये. आकडे मुद्दाम देतेय. करिअर मार्गदर्शनाच्या कार्यक्रमांत या क्षेत्राबद्दल 'समाधान' हा शब्द फार वापरतात आणि आकडा सांगत नाहीत. आणि या यादीत एक विचित्र गोष्ट बघा. पोराच्या दारात जाणारा, वस्तीत ज्याला लोक नावाने ओळखतात, तो सगळ्यात स्वस्त.

जामीन झाला नाही तर मूल निरीक्षणगृहात राहतं. तिथे अधीक्षक, काळजीवाहक, शिक्षक, समुपदेशक असतात. बाहेरच्यांना अधीक्षकाचं पद मोठं वाटतं, पण मुलांचा दिवस ज्याच्यावर चालतो तो काळजीवाहक. रात्रपाळीला दोन पोरांत जुंपली तर तोच असतो. या पदांना प्रशिक्षण कमी आणि लक्ष त्याहून कमी मिळतं. समाजकार्य शिकलेल्या कुणाला संस्था चालवण्याची, माणसांची घडी बसवण्याची हौस असेल तर इथे करण्यासारखं डोंगराएवढं आहे. समुपदेशकाचं काम मात्र सिनेमात दाखवतात तसं नसतं. पहिले तीन-चार तास पोरगा बोलतच नाही. माझी एक सहकारी कॅरम घेऊन जायची. स्ट्रायकर पोराच्या हातात असला की तो समोर बघत नाही, आणि समोर बघायचं नसलं की बोलतो.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना एक दार अलीकडे उघडलं आहे. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर अपराधाचा आरोप असेल, तर मंडळाला तीन महिन्यांत 'प्राथमिक मूल्यांकन' करावं लागतं: अपराध करण्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता त्याला होती का, परिणाम कळत होते का, परिस्थिती काय होती. त्यावरून प्रकरण बाल न्यायालयाकडे जाऊन मुलावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. तिथेही फाशी देता येत नाही, आणि सुटकेची शक्यताच नसलेली जन्मठेपही नाही. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बरुण चंद्र ठाकूर प्रकरणात सांगितलं की मंडळावर बालमानसशास्त्राचा किंवा मनोविकारशास्त्राचा जाणकार नसेल तर अशा तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक आहे. म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यात अशी माणसं लागणार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी, नुसत्या एम.ए.वर भागत नाही. आणि हे काम अवघड आहे ते नैतिकदृष्ट्या. बुद्ध्यांकाच्या चाचणीतून 'परिणाम कळत होते का' याचं उत्तर निघत नाही. तुम्ही लिहिलेल्या दोन परिच्छेदांवर एका मुलाची पुढची वीस वर्षं ठरू शकतात, आणि बाहेर टीव्हीवाले उभे असतात.

इथवर आपण ज्याच्यावर आरोप आहे अशाच मुलाबद्दल बोललो. कायदा त्याला 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतो. शब्द बोजड आहे, कबूल. एका आईने मला विचारलं होतं, "मॅडम, हा कोणता रोग हाय?" पण 'बालगुन्हेगार' न म्हणण्यामागे तत्त्व आहे: कायद्यातच लिहिलंय की मुलाबाबतच्या कामात आरोप करणारी, ठपका ठेवणारी भाषा वापरायची नाही.

कायद्याचा दुसरा अर्धा भाग 'काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या' मुलांचा. त्यांच्यासाठी मंडळ नसतं, बाल कल्याण समिती असते: एक अध्यक्ष, चार सदस्य. नागपूरला या कामाची एक खास बाजू आहे ती रेल्वेमुळे. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही मोठे मार्ग इथे एकमेकांना छेदतात. घर सोडून निघालेलं मूल कुठल्याही दिशेने निघालं तरी त्याच्या वाटेत नागपूर स्टेशन लागण्याची शक्यता मोठी. कधी तेलुगू बोलणारं, कधी ओडिया, कधी काहीच न बोलणारं. १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन जातो, मूल चोवीस तासांत समितीपुढे येतं, मग सुरू होतो शोध: गाव कुठलं, घर सुरक्षित आहे का, परत पाठवायचं की नाही. दोन-तीन भाषा येणाऱ्या माणसाला इथे सोन्याचं मोल आहे, आणि हे कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

पोक्सोखालच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत 'सहायक व्यक्ती' लागते. पीडित मुलासोबत जबाबापासून निकालापर्यंत राहायचं, पुढची तारीख सांगायची, न्यायालयात काय होईल ते त्याच्या भाषेत समजावायचं. यासाठी वकील असावं लागत नाही. धीर लागतो, आणि तारखा लिहिलेली वही.

आता शिक्षण. नागपुरात समाजकार्याची जुनी परंपरा आहे. मातृसेवा संघ कमलाताई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी १९२१ मध्ये सुरू केला, त्याची समाजकार्य संस्था बजाजनगरात आहे. तिरपुडे समाजकार्य महाविद्यालय आहे. एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करताना फील्डवर्क कुठे मिळतं हे महाविद्यालय निवडायच्या आधी विचारा. कायद्यासाठी विद्यापीठाचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय, आणि बुटीबोरीकडे वारंग्याला महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ. सिव्हिल लाइन्समध्ये उच्च न्यायालयाचं खंडपीठ असल्यामुळे मंडळाच्या आदेशाविरुद्धची प्रकरणं वरपर्यंत कशी जातात हे इथल्या विद्यार्थ्याला मुंबईला न जाता बघता येतं.

जाता जाता एक जुनी गोष्ट, कारण नागपूरकरांना ती सहसा माहीत नसते. मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा १९२४ चा. पण नागपूर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी होती, त्यामुळे इथल्या पोरांना वेगळा कायदा लागू होता, १९२८ चा मध्य प्रांत बालक अधिनियम. देशभर एकच कायदा झाला तो १९८६ मध्ये, मग २००० चा, आणि आता २०१५ चा.

पदवी नसतानाही आत येता येतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण विधी स्वयंसेवक नेमतं, प्रशिक्षण देतं, कामाच्या दिवसाचं मानधन मिळतं. एक वर्ष हे करून बघा आणि मग एमएसडब्ल्यू की एलएलबी ते ठरवा, असं मी सगळ्यांना सांगते. काहींना कळतं की आपल्याला भांडायला आवडतं, ते वकिलीकडे जातात. काहींना ऐकायला आवडतं. आणि काहींना कळतं की आपल्याला यातलं काहीच झेपत नाही. दोन वर्षांची फी भरण्याआधी कळलं तर बरंच.

आणि सगळं काम व्यवस्थेच्या आतच असतं असंही नाही. हिस्लॉप महाविद्यालयात क्रीडाशिक्षक असलेल्या विजय बारसे यांनी २००१ मध्ये नागपुरात वस्तीतल्या पोरांना फुटबॉल खेळवायला सुरुवात केली, त्यातून 'स्लम सॉकर' उभं राहिलं. मंडळापर्यंत न पोचलेली पोरं मोजता येत नाहीत, म्हणून या कामाचा हिशेब कुठल्या अहवालात दिसत नाही. पण प्रशिक्षक, संघटक, निधी उभारणारा, हिशेब ठेवणारा, संशोधन करणारा अशी माणसं इथेही पगारावर लागतात.

या कामाला कोण टिकत नाही? माझ्या पाहण्यात, पोरांचा 'उद्धार' करायला आलेली माणसं. पोरगा परत चोरी करतो. देखरेखीवरचा पोरगा तीन तारखांना येतो, चौथ्याला गायब. ज्याला त्याचा वैयक्तिक अपमान वाटतो तो वर्षभरात निघून जातो. टिकतात ती जराशी कोरडी वाटणारी, फाइल नीट लावणारी, संध्याकाळी घरी जाऊन खिचडी लावणारी माणसं.

मामाकडे राहिलेल्या त्या पोराचा परवा फोन आला. आता एकोणीसचा आहे, पहाटे मैदानावर धावायला जातो, पोलीस भरतीचा फॉर्म भरत होता. म्हणाला, "ताई, इथं विचारलंय, आधी गुन्हा दाखल होता का? काय लिहू?"

कलम २४ म्हणतं की बाल न्यायाखाली दोषी ठरलं तरी त्यामुळे पुढे कसलीही अपात्रता येत नाही, आणि ठरलेल्या मुदतीनंतर ती कागदपत्रं नष्ट करायची असतात. अपवाद फक्त प्रौढासारखा खटला चाललेल्यांचा. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमेश बिश्नोई प्रकरणात हेच धरून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातल्या एका उमेदवाराची नेमणूक वाचवली होती. पण याच्या प्रकरणात सोबत मोठा माणूस होता, एफआयआर झालेला आहे, आणि त्या बावीस वर्षांच्याच्या खटल्याच्या फाइलमध्ये याचं नाव अजून असू शकतं.

"आज काही लिहू नको," मी म्हटलं. "फॉर्मची शेवटची तारीख कधी आहे?"

"शुक्रवार."

वकील मॅडमना फोन लावला. त्या कोर्टात होत्या, उचलला नाही.